पाचवी पाळी

आमच्या सहकारी साखर कारखान्यात 'पाळी' या शब्दाचे पाच अर्थ होते आणि त्यातले चार माझ्या टेबलावरून जायचे. एक कामगारांची पाळी, म्हणजे भोंगा वाजला की कोण आत आणि कोण बाहेर. दुसरी वसाहतीतल्या टँकरची. तिसरी उपसा सिंचन संस्थेची पाणीपाळी, जी त्या वर्षांत नुसती बोलण्यापुरती उरली होती. आणि दुष्काळात कारखान्याच्या मैदानावर चारा छावणी उभी राहिल्यावर कडब्याच्या पेंढ्या वाटायची चौथी पाळी. पाचवी तेवढी दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे होती. ती ते माझ्या चारही पाळ्यांपेक्षा मोठ्या आवाजात विचारत.

"पाळी कधी आली?"

सर्दी असो, डोकेदुखी असो, पायात काटा मोडलेला असो. समोर बाई बसली की आधी हा प्रश्न, मग बाकीचं. कारखान्याचा भोंगा दवाखान्याच्या अगदी डोक्यावर होता. "डावा कान भोंग्यानं नेला," असं ते म्हणत. उरलेल्या कानाला स्वतःचं बोलणं ऐकू जावं म्हणून ते इतकं ओरडून बोलत, की दवाखान्याच्या खिडकीसमोर वजनकाट्यावर उभे असलेले बैलगाडीवाले माना वळवून बघत. एकदा उसाची गाडी काट्यावर घेताना एका गाडीवानानं आतून आलेला प्रश्न स्वतःसाठीच समजून उत्तर दिलं होतं, "सकाळधरनं थांबलोय सायेब, आत्ता आली!"

डॉक्टर नांदूरघाटच्या एका किराणा दुकानदाराचे चिरंजीव. शिकून डॉक्टर झाले तरी हात दुकानातलेच राहिले. गोळ्या कधी पाकिटात द्यायचे नाहीत. कागदाचा तुकडा घ्यायचे, त्याची पुडी वळायचे, वर दोऱ्याचे दोन वेढे मारून दातानं दोरा तोडायचे आणि "आजून काय?" म्हणून विचारायचे. नवा पेशंट गोंधळून "पावशेर साखर" म्हणून जायचा. अंगात पांढरा कोट, कोटाच्या खिशात शेंगदाणे, लुनाच्या हँडलला कायमची बांधलेली छत्री. हात धुतल्याशिवाय कुणाला तपासायचे नाहीत आणि पेशंटलाही धुवायला लावायचे. त्या बेसिनचं पाणी एका नळीतून मागच्या लिंबाच्या रोपाला जायचं. दुष्काळात सगळी वसाहत पाचोळ्याच्या रंगाची झाली होती, पण दवाखान्यामागं ते लिंबू तरारून उभं होतं. "माझी प्रॅक्टिस कशी चाललीय बघायचं असंल तर झाड बघा," असं ते चेअरमनसाहेबांना सांगत.

या चेअरमनसाहेबांच्या आईमुळंच एकदा मोठा प्रसंग ओढवला होता. त्यांना सगळे आक्का म्हणत. सत्तरी कधीच ओलांडलेली, कपाळावर गोंदण, आवाजात दरारा. गुडघे धरले म्हणून दवाखान्यात आल्या. डॉक्टरांनी हात धुतले, आक्कांचे धुवायला लावले आणि ओरडले, "पाळी कधी आली?"

आक्का उठून उभ्याच राहिल्या. गुडघे विसरून.

"मेल्या, तुझ्या आज्याला इचार! माझी नातवंडं कालेजात हायेत!"

"म्हंजे न्हाई येत," डॉक्टर शांतपणे म्हणाले आणि पुडी वळायला लागले.

आक्का चालत घरी गेल्या. गाडी नको म्हणाल्या. आक्कांचे गुडघे रागानं बरे झाले, असं वसाहतीत पुढं बरेच दिवस बोललं जायचं. पण तक्रार संचालक मंडळापुढं गेली. डॉक्टरांना बोलावलं. मी तिथं छावणीच्या पाळ्या समजावून सांगायला उभा होतो, म्हणून मला सगळं पाहायला मिळालं.

"डॉक्टर," चेअरमनसाहेब म्हणाले, "आमच्या आईला असं इचारायचं काय कारण?"

डॉक्टर खिडकीपाशी गेले आणि खिडकी उघडली. खाली छावणीत जनावरांचे डॉक्टर एका गाईजवळ सुई भरून उभे होते. त्यांनी गाईच्या मालकाला विचारलेलं वर स्पष्ट ऐकू आलं, "गाभण हाय का?"

"पाचवा महिना चालू हाय जी," मालक छाती फुगवून म्हणाला. जनावरांच्या डॉक्टरांनी ती सुई बाजूला ठेवली आणि दुसरी भरायला घेतली.

"बघितलं?" आमचे डॉक्टर वळून म्हणाले. "गाईला टोचायच्या आधी इचारत्यात. गाय लाजली का? मालक लाजला का? मग घरच्या सुनेला गोळी देताना काऊन लाजायचं? तिच्या पोटात काय वासरापेक्षा कमी मोलाचं असतंय?"

संचालक एकमेकांकडं बघायला लागले.

"सुनेचं ठीक हाय," चेअरमनसाहेब म्हणाले, "पण आक्का?"

"कुणाला इचारायचं न्हाई हे मी ठरवायला लागलो ना साहेब, की एक दिवस चुकंल. त्यापेक्षा समद्यांनाच इचारतो."

"मग जरा हळू तरी इचारा."

"हळू इचारलं तर मलाच ऐकू येत न्हाई."

सभा तिथंच संपली. उपाध्यक्ष इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं, आणि त्या महिन्यात पाणी देणं म्हणजे काय हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्याशिवाय डॉक्टर पुरते कळणार नाहीत. मी जन्मतःच अपराधी वाटून घेणारा माणूस आहे. टँकर उशिरा आला की मी दारोदार माफी मागत फिरायचो. छावणीतल्या बैलानं कडबा खाल्ला नाही तर मला वाटायचं, पेंढी मीच वाईट निवडली. एकदा आभाळ भरून आलं आणि तसंच निघून गेलं, तेव्हा माझ्या तोंडून "सॉरी" निघालं. डॉक्टर शेजारी उभे होते. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाले, "पाऊस बी तूच आडवून धरलास का बे?"

माझी बायको शोभा. ती लहानपणापासून फिटच्या आजाराची. लग्नाच्या आधी तिच्या वडिलांनी तो लपवला नव्हता, आणि एका गोळीनं तो पुरता आटोक्यात होता. रोज सकाळ-संध्याकाळ गोळी घ्यायची की फिट येत नसे. लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल नव्हतं. लोक विचारायचे थांबले होते. मी त्याबद्दलही अपराधी होतो, हे वेगळं सांगायला नको.

एका उन्हाळ्यात शोभा खोकला झाला म्हणून दवाखान्यात गेली. तो तिचा आणि डॉक्टरांचा पहिला सामना.

"पाळी कधी आली?"

"परवा आलती," शोभा म्हणाली, "पर पाईप आमच्या दारापत्तुर पोचलाच न्हाई. दोन घागरी मिळाल्या."

डॉक्टर इतके हसले की लिंबाच्या झाडावरचा पक्षी उडाला. हसणं ओसरल्यावर त्यांनी सवयीनं पुढचं विचारलं, दुसरी कुठली गोळी चालू आहे का. शोभानं पदराच्या गाठीतून गोळ्यांची पट्टी काढून दाखवली. ती बघून त्यांचं हसू गेलं. दुपारी मला बोलावणं आलं.

"ही गोळी चांगली हाय," ते म्हणाले. हे त्यांनी आधी सांगितलं, याबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे. "हिनं तुझ्या बायकोला सांभाळलंय. पर गोळी आईच्या नावावर असली तरी ती पत्ता बघून जात न्हाई. पोटात लेकरू असलं की शेजारच्या घरात बी जाती. ह्या गोळीनं लेकराच्या मेंदूच्या वाढीला धक्का बसू शकतो. बोलायला, शिकायला मागं पडतंय. समद्यांचंच पडतंय असं न्हाई. पर पडू शकतंय."

माझा चेहरा पडलेला त्यांना दिसला असावा.

"आरं, आजून काय झालंय? लेकरू कुठं हाय? आधी गोळी बदलायची, मग पाळणा टांगायचा. लातूरला मेंदूचे डॉक्टर हायेत, ते हळूहळू बदलून देत्याल. पर एक ध्यानात ठेव. आपल्या मनानं एक दिवस बी बंद करायची न्हाई. एकदम बंद केली आन मोठी फिट आली, तर आईच हातची जाईल. समजलं का?"

मला समजलं. मी "माफ करा" म्हणालो.

"कशाबद्दल बे?"



लातूरचं सुरू झालं. जुनी गोळी थोडी थोडी कमी, नवी थोडी थोडी जास्त, सोबत फॉलिक अ‍ॅसिडची एक पिवळी गोळी. काळजीचे दिवस होते, पण शोभाला फिट आली नाही. गोळ्यांची अदलाबदल अर्ध्याच्या पुढं सरकली होती. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडे दिवस दम धरा. आम्ही धरला होता. म्हणजे, धरत होतो.

आणि मग तो टँकरचा दिवस उजाडला.

मी दवाखान्याच्या दारात डॉक्टरांशी बोलत उभा होतो. वसाहतीच्या बाजूनं बायकांचा घोळका रिकाम्या घागरी घेऊन आला आणि सगळ्यांत पुढं शोभा. तिनं लांबूनच ओरडून सांगितलं, "अहो! आपली पाळी चुकली!"

डॉक्टरांचा चांगला कान तिकडंच होता. ते पायरी उतरून धावतच गेले.

"किती दिवस झाले?"

"आज चौथा दिस!"

"आन मला आज सांगतीस?"

"तुमाला सांगून काय होणार डॉक्टर? ते ह्यांच्या हातात हाय ना!" शोभानं माझ्याकडं हात केला.

"त्याच्या हातात व्हतं ते झालं! आता हितनं पुढं माझ्याकडं!"

"ह्यांनीच घोळ केला समदा," शोभा रागात म्हणाली. "आमची पाळी मागच्या गल्लीतल्या बाईला दिली!"

डॉक्टर थांबले. त्यांनी शोभाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि वैद्यकशास्त्र आठवून बघितल्यासारखा चेहरा करून म्हणाले, "हे कसं काय जमवलंस बे?"

घोळक्यातली पहिली घागर खाली पडली ती हसण्यानं. मग सगळ्याच बायका तोंडाला पदर लावून बसल्या. कुणाची उचकी लागली. शोभाला अर्थ उमगला तेव्हा ती पायरीवर बसून डोळे पुसत हसायला लागली. मी लाजेनं घामाघूम झालो होतो, तरी मलाही हसू आवरेना. हसले नाहीत ते फक्त डॉक्टर. त्यांनी बायका शांत व्हायची वाट पाहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा, जवळजवळ हळू आवाजात विचारलं,

"टँकरची कळाली पोरी. आता दुसरी सांग."

शोभा हसत हसतच बोटं मोजायला लागली. मोजता मोजता हसणं थांबलं. तिनं पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग माझ्याकडं बघितलं.

आतल्या खोलीत तपासणीच्या पट्टीवर दोन रेषा आल्या. बाहेर बायका अजून खिदळत होत्या.

पुढचं सगळं इतक्या भरभर झालं की मला अपराधी वाटायलाही वेळ मिळाला नाही. डॉक्टरांनी लातूरला फोन लावला. चेअरमनसाहेबांची जीप कार्यालयासमोर उभी होती. साहेब मांजरसुंब्याला कुणाला तरी भेटायला निघाले होते, एक पाय जीपमध्ये होता.

"साहेब, उतरा," डॉक्टर म्हणाले.

"का?"

"गाभण हाय."

साहेबांना छावणीची खिडकी आठवली असणार. त्यांनी लगेच पाय खाली घेतला आणि त्या जीपमधून डॉक्टर, शोभा आणि मी लातूरला निघालो. नंतर कळलं, ते कडबा आणणाऱ्या ट्रॅक्टरवर बसून मांजरसुंब्याला गेले आणि ज्यांना भेटायचं होतं त्यांना अंगावरची काडी झटकत भेटले.

लातूरच्या डॉक्टरांनी तपासलं. कुठली गोळी किती घ्यायची, कधी कमी करायची, पुढं कधी कधी यायचं, सगळं ठरवून दिलं. जुनी गोळी बरीच उतरली होती, हे बरं झालं म्हणाले. वेळेत आलात म्हणाले. मी विचारलं, "सोनोग्राफीत सगळं कळेल ना?"

"पाठ, हृदय, हातपाय दिसतील," ते म्हणाले. "पण मूल कसं बोलेल, कसं शिकेल, हे चित्रात दिसत नाही. ते मोठं होताना पाहायचं."

परतीच्या वाटेवर केज आलं तेव्हा मी आमच्या डॉक्टरांना म्हणालो, "सगळं माझ्यामुळं झालं."

"थोडं तुझ्यामुळं झालंय, ते खरंय," डॉक्टर म्हणाले. शोभा मागं तोंड फिरवून हसली. "बाकीचं कुणाचंच न्हाई. ना तुझं, ना हिचं, ना गोळीचं. दोष घ्यायची तुला लई हौस हाय. माझ्याकडं त्याचं औषध न्हाई, आसतं तर पुडी बांधून दिली आसती."

मग आमच्या गल्लीत नवाच कार्यक्रम सुरू झाला. डॉक्टर लुनावरून रोज संध्याकाळी जायचे आणि कोपऱ्यावरून ओरडायचे, "गोळी घेतली का?" पहिले काही दिवस शोभा लाजून आतून "घेतली" म्हणायची. नंतर सगळी गल्लीच उत्तर द्यायला लागली. पाणी भरणाऱ्या बायका, ओट्यावरचे म्हातारे, सगळे एका सुरात: "घेतलीऽऽ!" एकदा शोभा माहेरी होती तरी गल्लीनं "घेतली" म्हणून सांगून टाकलं. डॉक्टरांनी लुना वळवली आणि गल्लीला दहा मिनिटं खडसावलं.

मुलगी झाली. पाठ नीट, हृदय नीट, वीस बोटं. आक्का स्वतः बाळंतविडा घेऊन आल्या आणि डॉक्टरांकडं न बघता म्हणाल्या, "इचारत आसतोस ते बरं करतोस." नाव श्रावणी ठेवलं.

श्रावणीनं मान वेळेवर धरली, बसली वेळेवर, चालली तर जरा आधीच. फक्त बोलेना. शेजारची तिच्याच वयाची पोरं दारातून जाणाऱ्यांना नावानं हाका मारायला लागली, तरी आमची 'मम' आणि 'बा' यापुढं जाईना. कान तपासले, चांगले होते. अंबाजोगाईला दाखवलं. तिथले डॉक्टर म्हणाले, उशिरा बोलणारी बरीच मुलं असतात, घरात भरपूर बोलत राहा, पुन्हा आणा. मी तिच्या तोंडाकडं बघत बसायचो. तिनं ओठ हलवले की मी कान पुढं करायचो.

"तू बोलतोस का तिच्याशी?" डॉक्टरांनी एकदा विचारलं.

"बोलतो की."

"काय बोलतोस?"

मी खरं सांगितलं. मी तिला मांडीवर घेऊन माफी मागत होतो.

"आरं, मग ती काय शिकंल? आण तिला हिकडं."

तेव्हापासून श्रावणीचा दिवस दवाखान्यात जायला लागला. टेबलावर, डॉक्टरांच्या उजव्या हाताला, शेंगदाणे खात. येईल त्या पेशंटशी ते बोलत आणि तेच वळून तिला सांगत: "ही मावशी. हिला खोकला. खोकला कसा करती? ह्या मामाचा पाय. पाय कुठाय?" ती सगळं दाखवायची. पाय, डोळा, लिंबू, भोंगा. समजत सगळं होतं, बाहेर काही येत नव्हतं. शोभा म्हणायची येईल. डॉक्टर म्हणायचे, "आत गाळप चालू हाय. साखर बाहेर पडायला येळ लागतो." 

डॉक्टर निवृत्त झाले तेव्हा पुन्हा पाऊस नव्हता आणि पुन्हा छावणी होती. वार्षिक सभेतच त्यांचा सत्कार ठेवला. मंडपात एका बाजूला सभासद, एका बाजूला बायका, पुढं आक्का खुर्चीवर. डॉक्टरांना फेटा बांधला. तो त्यांच्या चांगल्या कानावरच आला, त्यामुळं त्यांना कुणाचंच भाषण ऐकू येत नव्हतं आणि ते प्रत्येक वाक्याला आनंदानं मान हलवत होते. श्रावणी त्यांच्या मांडीवर. तिला दुसरीकडं बसवायचा प्रयत्न केला तर तिनं मंडप डोक्यावर घेतला होता.

चेअरमनसाहेब बोलायला उठले. दुष्काळावर बोलले, सहकारावर बोलले, मग डॉक्टरांकडं वळले. माईक हातात धरून ते डॉक्टरांच्या खुर्चीजवळ आले.  श्रावणीनं माईककडं बघितलं, साहेबांच्या तोंडाकडं बघितलं, दोन्ही हातांनी माईक ओढला आणि दवाखान्यातल्याच थाटात ओरडली,

"पाली कधी आली?"

चारही कर्ण्यांतून तो प्रश्न छावणीपर्यंत गेला. कुणी हललं नाही. चेअरमनसाहेबांनी आयुष्यभर सभा चालवल्या होत्या. ते वाकले आणि अतिशय गंभीरपणे माईकमध्ये म्हणाले,

"धरण भरू दे गं माय. आली की पयली तुलाच देतो."

मग मंडपात हशा फुटला. डॉक्टरांना ऐकू आलं नव्हतं. ते याच्या-त्याच्या तोंडाकडं बघत होते. "काय? काय म्हणली?" मी धावत व्यासपीठावर गेलो, त्यांचा फेटा कानावरून वर सरकवला. मला सांगायचं होतं, पण साहेबांना बघून सवयीनं तोंडातून "माफ करा" एवढंच निघालं. सांगायची गरजही पडली नाही. श्रावणीला टाळ्या आवडल्या होत्या. तिनं डॉक्टरांच्या हनुवटीला धरून त्यांचं तोंड स्वतःकडं वळवलं.

"पाली कधी आली?"

डॉक्टरांनी तीन बोटं वर केली. एकेक बोट धरून तिचे शब्द मोजले. पाळी. कधी. आली. पुन्हा मोजले.

"तीन," ते म्हणाले. "जोडून! आन इचारती हाय बे, इचारती हाय!" आणि त्यांनी फेट्याच्या शेमल्यात तोंड खुपसलं.

बायकांच्या बाजूनं शोभा पदर सावरत, खुर्च्या सरकवत येत होती. तिच्याही आधी, गुडघे विसरून, आक्का उठून उभ्या राहिल्या होत्या आणि काठी उंचावून ओरडत होत्या,

"माझी इचार गं बाई, आधी माझी इचार!"